झडपेतले जंतू, मेंदूतला घाव

हृदयाच्या शस्त्रक्रियेबद्दल लिहिताना शस्त्रक्रियागृहापासून सुरुवात करायची रीत आहे. या विषयाला ती सोयीची नाही. झडपेला जंतुसंसर्ग झाला, जंतूंचा एक लगदा सुटून मेंदूत जाऊन अडकला आणि आता छाती उघडायची की थांबायचं हा पेच सर्जनपुढे आला, की त्या पेचाचं अर्धं उत्तर आधीच्या तीन-चार आठवड्यांत ठरून गेलेलं असतं. ते ठरतं गावच्या दवाखान्यात, तापाच्या पहिल्या इंजेक्शनपाशी. म्हणून पुढच्या पानांची ओळख करून देताना मी बुलढाणा जिल्ह्यातलं उंद्री डोळ्यांपुढे ठेवलं आहे. चिखली-खामगाव रस्त्यावरचं, चिखली तालुक्यातलं, जिल्ह्याच्या भाषेत घाटावरचं गाव. हा रोग उंद्रीत अधिक होतो असं अजिबात नाही. पण उंद्रीहून खामगाव, खामगावहून अकोला आणि तिथून पुढे नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर या वाटेवर प्रत्येक टप्प्याला दिवस जातात. आणि या रोगात हिशेब जितका औषधाचा तितकाच दिवसांचा असतो.

समजा, सोयाबीनची सोंगणी चालू आहे. पस्तिशीतल्या एका शेतकऱ्याला संध्याकाळचा ताप येऊ लागतो. अंग मोडून येतं, जेवण जात नाही. इंजेक्शन आणि तीन दिवसांच्या गोळ्यांनी ताप उतरतो, आठवड्याभरात परत चढतो. मग विडाल तपासणी होते, ‘टायफाईड निघाला’ असं ठरतं, सलाईन लागतं. ताप पुन्हा उतरतो. माणूस वाळत चाललाय, चालताना धाप लागते, पण सोंगणी थांबवता येत नाही. कुणी म्हणतं पेशी कमी झाल्या, कुणी बाहेरचं पाहायला सांगतं. आणि एका सकाळी उजवा हात उचलत नाही, तोंडातून शब्द फुटत नाही. लकवा मारला. १०८ ची गाडी येते. अकोल्याला डोक्याचा सी.टी. होतो आणि डाव्या मेंदूचा मोठा भाग रक्ताविना पडलेला दिसतो. तिथला एखादा जागा डॉक्टर विचारतो, ‘यांना ताप किती दिवसांपासून आहे?’ छातीला स्टेथोस्कोप लावतो, हृदयाच्या ठोक्यांमध्ये फुंकर ऐकू येते, टू-डी इको होतो. डावीकडच्या झडपेवर जंतूंचा चौदा मिलिमीटरचा पुंजका प्रत्येक ठोक्यासरशी हेलकावत असतो.

हा शेतकरी कल्पित आहे. त्याच्या दुखण्याचा क्रम मात्र ज्यांनी मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डात काम केलंय त्या कुणालाही ओळखीचा वाटेल.

झडपेचे पडदे पातळ असतात आणि त्यांना स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. निरोगी पडदा गुळगुळीत असतो, त्यावर जंतू सहसा टिकत नाहीत. आपल्याकडे मात्र लहानपणी घसा दुखून येणाऱ्या, सांध्यांतून फिरणाऱ्या वाताच्या तापानं कितीतरी जणांच्या झडपा आधीच जाड आणि खरबरीत झालेल्या असतात. ते पुष्कळदा त्यांना ठाऊकही नसतं. बाईला पहिल्या बाळंतपणात धाप लागते तेव्हा कळतं, पुरुषाला तर तेवढंही निमित्त मिळत नाही. अशा खरबरीत पडद्यावर किडक्या दाढेतून, गळवातून, सुईतून किंवा लघवीच्या नळीतून रक्तात शिरलेले जंतू चिकटतात. त्यांच्यावर रक्तातल्या बिंबिका आणि तंतू जमतात. त्या आवरणाखाली जंतू सुखरूप राहतात: पांढऱ्या पेशी तिथवर पोचत नाहीत, औषध पोचतं तेही अगदी थोडं. म्हणून या रोगाला शिरेतून मोठ्या मात्रेची प्रतिजैविकं साधारण चार ते सहा आठवडे द्यावी लागतात. तीन दिवसांच्या गोळ्यांनी काय होतं? ताप उतरतो, जंतू मरत नाहीत, आणि पुढे रक्ताचं कल्चर केलं तर त्यात काही उगवत नाही.

हे शेवटचं वाक्य मला या विषयाचा गाभा वाटतं. भारतातल्या अभ्यासांत कल्चर कोरं येणाऱ्या रुग्णांचं प्रमाण मोठं दिसतं आणि आधीच घेतलेली प्रतिजैविकं हे त्याचं एक मुख्य कारण आहे. जंतू कोणता हे कळलं नाही की औषध अंदाजानं द्यावं लागतं. अंदाज चुकला तर पुंजका वाढतो. पुंजका वाढला की तुकडा सुटण्याचा धोका वाढतो. गुरांच्या गोठ्यात राबणाऱ्या आणि कच्चं दूध पिणाऱ्या माणसांत ब्रुसेला, कॉक्सिएला असे साध्या कल्चरमध्ये सहजी न सापडणारे जंतूही असू शकतात, त्यांच्यासाठी वेगळ्या तपासण्या लागतात. पण आधी साधी गोष्ट: ज्याच्या हृदयात फुंकर आहे आणि ज्याचा ताप आठवडाभर हटत नाही, त्याचं रक्त पहिल्या प्रतिजैविकाच्या आधी, वेगवेगळ्या वेळी, निदान तीनदा कल्चरला घ्यायचं. विडाल तपासणी १८९६ सालची आहे. ज्या मुलखात टायफाईड घरोघरी होऊन गेलेला असतो तिथे एकदाच केलेल्या विडालवर विसंबणं मला घातक वाटतं. ती तपासणी सतत ‘निघते’, म्हणूनच ती इतकी लोकप्रिय आहे.

खाटेपाशी दिसणाऱ्या खुणा आता कुणी फारशा बघत नाही. नखाखाली कुसळासारख्या बारीक तांबड्या रेषा, बोटांच्या टोकांवर दुखऱ्या गाठी, तळव्यांवर न दुखणारे लाल डाग, वाढलेली पाणथरी. हे पाहायला वीजही लागत नाही. महाडसारख्या गावात राहून विंचूदंशाच्या उपचाराची दिशा बदलणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून केलेल्या निरीक्षणाची किंमत सगळ्या जगाला दाखवून दिली. झडपेच्या संसर्गात तशाच नजरेची गरज आहे.

आता मेंदू. सुटलेला तुकडा डाव्या हृदयातून महाधमनीत येतो, तिथून मानेच्या धमन्यांतून वर चढतो, आणि बहुतेकदा मेंदूच्या मधल्या धमनीत अडकतो. या रोगात १५ ते ३० टक्के रुग्णांना मेंदूची लक्षणं होतात. एम.आर.आय. सगळ्यांचाच केला तर काहीही लक्षण नसलेल्या पुष्कळ जणांच्या मेंदूतही बारीक घाव सापडतात. अडकलेला तुकडा साध्या गुठळीसारखा नसतो, तो जिवंत जंतूंनी भरलेला असतो. त्यामुळे तो रक्तपुरवठा तोडतो, कधी तिथे पू धरतो, कधी धमनीची भिंत आतून कुरतडून तिला फुगा आणतो. या फुग्यांना ‘मायकॉटिक’ हे नाव विल्यम ऑस्लरनं १८८५ मध्ये दिलं, आणि बुरशीशी त्यांचा बहुधा काही संबंध नसूनही ते आजवर टिकलं आहे. फुगा फुटला की मेंदूत रक्तस्राव होतो. रक्तपुरवठा तुटलेल्या भागातही पुढच्या काही दिवसांत रक्त झिरपू शकतं.

यातून एक तातडीचा मुद्दा निघतो. पक्षाघाताच्या रुग्णाला पहिल्या साडेचार तासांत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात, ते आता पुष्कळांना माहीत झालंय. झडपेच्या संसर्गातल्या पक्षाघातात ते देत नाहीत, कारण कुजलेल्या भिंतीतून रक्तस्राव होण्याचा धोका फार. मोठी धमनी बंद असेल तर तारेनं तुकडा ओढून काढण्याचा विचार करता येतो, आणि निघालेला तुकडा तपासून जंतूही ओळखता येतो. म्हणून तरुण माणसाला लकवा मारला तर ‘ताप होता का?’ हा प्रश्न सी.टी.च्या आधी विचारला जायला हवा.

पेनिसिलीनच्या आधी या रोगाची गोष्ट एकाच शेवटाची होती. संगीतकार गुस्ताव माहलर यांना १९११ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये ताप येऊ लागला. झडप आधीपासून सदोष होती. रक्ताच्या कल्चरमध्ये स्ट्रेप्टोकोकस उगवला, म्हणजे निदान अगदी पक्कं झालं, आणि औषध काहीच नव्हतं. १८ मे १९११ ला व्हिएन्नात, पन्नाशीत, ते गेले. त्यांच्या डॉक्टरांना जे पक्कं कळलं होतं ते आपल्या तापाच्या पहिल्या तीन आठवड्यांत आज, शंभराहून अधिक वर्षांनी, कळत नाही. १९४० च्या दशकात पेनिसिलीन आलं आणि जंतू मरू लागले. पण पडदे फाटून हृदय निकामी झालेले रुग्ण तरीही दगावत. अशा झडपेला हात लावायला सर्जन कचरत: जिथे जंतू आहेत तिथे कृत्रिम झडप शिवायची म्हणजे जंतूंना नवं घर द्यायचं, अशी समजूत होती. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात अँड्र्यू वॉलेस आणि सहकाऱ्यांनी संसर्ग चालू असतानाच महाधमनीची झडप कापून कृत्रिम झडप बसवली आणि ते यश प्रसिद्ध केलं. तिथून दार उघडलं. याच विद्यापीठातून १९९४ मध्ये निदानाचे ‘ड्यूक निकष’ आले, तेच आज सुधारून वापरले जातात.

आपल्याकडे मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्ल कुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदयारोपण केलं, केपटाउनमधल्या बार्नार्ड यांच्या जगातल्या पहिल्या हृदयारोपणानंतर तीन महिन्यांच्या आत. रुग्ण काही तासच जगला, पण बातमी झाली ती त्या आरोपणाची. या देशातल्या हृदयशल्य विभागांचं रोजचं काम मात्र झडपांचं होतं. झडपा परदेशी आणि महाग होत्या. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली बनलेली भारतीय झडप डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा माणसात बसवली गेली. उंद्रीच्या शेतकऱ्याच्या दृष्टीनं मला ही घटना हृदयारोपणाहून मोठी वाटते.

आता तो पेच. हृदय थांबवून झडप बदलायची तर रक्त हार्ट-लंग मशीनमधून फिरवावं लागतं, आणि ते यंत्रात गोठू नये म्हणून हेपॅरिनची मोठी मात्रा द्यावी लागते. ज्या मेंदूत ताजा घाव आहे त्यात रक्तस्राव होईल ही भीती एका बाजूला. यंत्रावर असताना रक्तदाब खालीवर होऊन सुजलेल्या मेंदूचं आणखी नुकसान होईल, ही तिचीच जोडभीती. दुसऱ्या बाजूला झडपेवर उरलेला पुंजका: तो थांबत नाही, आणि दुसरा तुकडा सुटला तर उरलेला मेंदूही जाईल. शिवाय पडदा फाटला असेल तर फुप्फुसात पाणी भरतं आणि दिवसांऐवजी तास मोजायची पाळी येते.

नातेवाईकांचा प्रश्न याहून सरळ असतो. वऱ्हाडीत तो असा येतो: ‘डॉक्टरसायब, लकवा डोक्स्याचा हाये, मंग छाती कायले फाडता?’ मी ऐकलेलं सगळ्यात चांगलं उत्तर असं होतं: ‘दादा, घाण विहिरीत पडली आहे. पाट किती वेळा साफ करणार?’ पुढची सही बहुधा अशाच एका वाक्यावर होते, आकडेवारीवर नाही.

बरीच वर्षं सर्जनांचा कल थांबण्याकडे होता. १९९५ मध्ये जपानमधल्या अनेक रुग्णालयांच्या नोंदी एकत्र करून डॉ. एइशी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मेंदूच्या घावानंतर जितकी लवकर शस्त्रक्रिया तितका मेंदू बिघडण्याचा धोका जास्त, आणि चार आठवड्यांनंतर तो बराच कमी होतो. हे आकडे जगभर वापरले गेले. त्यांत एक खोच आहे. चार आठवडे थांबून ज्यांची शस्त्रक्रिया झाली ते चार आठवडे जगलेले लोक होते. थांबता थांबता जे गेले ते त्या रकान्यात येतच नाहीत. आणि ज्यांना पहिल्याच दिवशी टेबलावर घ्यावं लागलं ते मुळातच सगळ्यात खालावलेले असणार. नंतर, २०१३ मध्ये, अनेक देशांतल्या रुग्णांच्या नोंदींवरून दिसलं की रक्तपुरवठा तुटून झालेल्या पक्षाघातानंतर लवकर शस्त्रक्रिया केल्यानं मृत्यू वाढले असं म्हणता येत नाही. त्याआधी २०१२ मध्ये कोरियातल्या एका चाचणीत ७६ रुग्णांपैकी निम्म्यांची झडप ४८ तासांत बदलली. सहा आठवड्यांत तुकडा सुटण्याचा प्रकार त्यांच्यात एकही नाही, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत २१ टक्के. ही चाचणी आपल्या शेतकऱ्याला जशीच्या तशी लावता येणार नाही, कारण मोठा पक्षाघात झालेले रुग्ण तिच्यात घेतलेच नव्हते. पण पहिला तुकडा सुटायच्या आधी दहा मिलिमीटरहून मोठा पुंजका आणि खराब झालेली झडप इकोवर दिसली असती, तर काय करायला हवं होतं, हे ती सांगते.

आजची दिशा, युरोपीय हृदयरोग संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनातली, थोडक्यात अशी: घाव रक्तपुरवठा तुटल्याचा असेल, रक्तस्राव नाही हे स्कॅननं पक्कं झालं असेल, रुग्ण कोमात नसेल, आणि हृदय निकामी होत असेल किंवा संसर्ग आवरत नसेल किंवा आणखी तुकडे सुटण्याचा धोका ठळक असेल, तर थांबू नये. मेंदूत मोठा रक्तस्राव झाला असेल तर शक्य तिथे महिनाभर थांबावं. रक्तस्राव आहे आणि हृदयही साथ सोडतंय, ही सगळ्यात अवघड जागा; तिथे नियम संपतात आणि हृदयतज्ज्ञ, सर्जन, मेंदूविकारतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि जंतुशास्त्रज्ञ यांनी एका खोलीत बसावं लागतं. फुगा सापडला तर तो आधी मांडीतून तार घालून बंद करता येतो, मग छाती. माझं स्वतःचं मत असं की आपल्याकडे ‘थोडं स्थिर होऊ द्या’ हे वाक्य फार सहज उच्चारलं जातं. थांबणं हाही उपचार आहे, त्याचेही बळी असतात, फक्त त्यांच्या कागदावर कुणा सर्जनचं नाव नसतं.

शस्त्रक्रियेत पहिलं काम सडलेलं सगळं काढण्याचं. झडपेच्या कड्याभोवती पू झाला असेल तर तो खरवडून त्या जागी रुग्णाच्याच हृदयावरणाचा तुकडा लावतात. ई.सी.जी.मधली पी-आर ही फट रोज लांबत चालली असेल तर पू हृदयाच्या विजेच्या तारांपर्यंत पोचल्याचा संशय घ्यायचा. दोन रुपयांच्या कागदावर दिसणारी ही खूण कधी कधी इकोच्याही आधी बोलते. काढलेला पडदा फेकायचा नाही, कल्चरला पाठवायचा.

मग झडप कोणती? जमलं तर मूळचीच दुरुस्त करावी. नाहीतर धातूची टिकाऊ, पण जन्मभर रक्त पातळ ठेवणारी गोळी लावणारी. किंवा ऊतीची, जी त्या गोळीतून बहुधा सोडवते पण काही वर्षांनी झिजते. पुस्तकात तरुण माणसाला धातूची म्हणतात. ज्याच्या मेंदूत रक्तस्राव होऊन गेलाय आणि ज्याला रक्त किती पातळ आहे ते, म्हणजे आय.एन.आर., तपासायला दर वेळी तालुका गाठावा लागणार, त्याच्या बाबतीत मी पुस्तकाला दोनदा विचारीन. पाळणा हलायचा आहे अशा बाईच्या बाबतीत तर तीनदा, कारण ही गोळी गर्भाला बाधू शकते.

पैशाचा भाग लवकर आटपतो. राज्यात जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावानं चालणारी जनआरोग्य योजना झडपेच्या शस्त्रक्रियेला लागू आहे. कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती, ती आता पाच लाख झाली आहे. शस्त्रक्रिया त्यात बसते. नातेवाइकांचा सहा आठवड्यांचा मुक्काम, बुडालेली सोंगणी आणि गावी परतल्यावर वर्षभर लागणारी फिजिओथेरपी बसत नाही.

पुढच्या पानांतलं शेवटचं प्रकरण घरी गेल्यानंतरचं आहे आणि ते मी आधी वाचायला सांगेन. त्यात धातूची झडप असलेल्यानं मेथी-पालक बंद न करता रोजचं प्रमाण सारखं कसं ठेवायचं हे आहे. गुडघे दुखले म्हणून दुकानातून दुखण्याची गोळी का घ्यायची नाही हे आहे. दाढ काढायच्या तासभर आधी ॲमॉक्सिसिलीनचे दोन ग्रॅम, आणि ॲलर्जी असेल तर त्याऐवजी काय, हे आहे. वाताचा ताप येऊन गेलेल्या मुलाला दर तीन आठवड्यांनी द्यायच्या पेनिसिलीनच्या इंजेक्शनाचं वेळापत्रकही तिथेच जोडलं आहे, भिंतीवर लावता येईल अशा मोठ्या अक्षरांत.